प्रमिलाताईंचे दोन पडदे

प्रमिलाताई गजभियेंनी माझ्यावर पहिला संशय घेतला तो माझ्या पोपटी साडीवरून. सीताबर्डीच्या मागच्या गल्लीतल्या कलर लॅबमध्ये माझा तो पहिलाच दिवस. मी दार ढकलून आत पाऊल टाकलं, तशा त्या खुर्चीतून न उठता म्हणाल्या, "तिथंच थांब वं. ही साडी नेसून आत यायले कोणी सांगतलं तुले?"

"कोणीच नाही," मी म्हटलं. "घरून नेसून आले."

"कशावरून?"

मला हसू आलं होतं, पण त्यांचा चेहरा पाहून मी ते गिळलं. त्या थट्टा करत नव्हत्या. मालकांनी ताईंचं काम बिघडवायला मला मुद्दाम पोपटी नेसवून पाठवलंय, अशी शंका त्यांना खरोखरच आली होती.

त्या खोलीच्या भिंती राखाडी होत्या, टेबल राखाडी होतं, खिडकीवरचं जाड कापडही राखाडी. समोर टीव्हीसारखा छोटा पडदा. खालच्या खाचेत निगेटिव्ह ठेवली की पडद्यावर माणसाचा सरळ, रंगीत चेहरा दिसायचा. बाजूच्या बटणांनी त्यातला एकेक रंग कमीजास्त करायचा, मनासारखा चेहरा जमला की बटणांवरचे आकडे छपाईच्या मशिनीकडे पाठवायचे. माझ्या साडीचा उजेड पडद्यावर पडला असता तर सगळे चेहरे हिरवट दिसले असते, आणि ती झाक काढायच्या नादात त्या दिवशीची सगळी वऱ्हाडं गुलाबी छापली गेली असती. हे मला पुढे समजलं. त्या दिवशी त्यांनी खुंटीवरचा राखाडी कोट माझ्याकडे फेकला आणि मला गळ्यापर्यंत बटणं लावायला लावली.

ही पंच्याऐंशीच्या आसपासची गोष्ट. मी तिशीची होते, दोन मुली शाळेत जायच्या. ताई पन्नाशीला टेकल्या होत्या. सडपातळ, सावळ्या, केस घट्ट मागे बांधलेले. लग्न केलेलं नव्हतं. सक्करदऱ्याला भावाच्या घरी राहायच्या. साठच्या दशकात महालातल्या एका स्टुडिओत त्यांनी काळ्यापांढऱ्या फोटोंना हातानं रंग भरायचं काम केलं होतं. कापसाच्या बोळ्यानं गाल, काडीला कापूस गुंडाळून ओठ. रंगीत फिल्म आली, ते काम गेलं, आणि ताई लॅबच्या पडद्यासमोर येऊन बसल्या.

त्यांचा कशावरच विश्वास नसायचा. चहा आला की कप उजेडात धरून पाहायच्या. कोणी "ताई, आजचे प्रिंट फार छान आलेत" म्हटलं की विचारायच्या, "काय पाहिजे तुले?" अंगात कणकण असली तर कामालाच यायच्या नाहीत, कारण तापात लाल रंग जास्त दिसतो असं त्यांचं मत. जेवण झालं की डोळे मिटून बसायच्या. पोट भरलेल्या माणसाच्या नजरेवर भरवसा ठेवू नये म्हणायच्या. आणि कोणी काहीही सांगो, पाऊस येणार म्हणो की पगार वाढणार म्हणो, त्यांचा एकच प्रश्न असे, "कशावरून?"

एकदाच त्या आपल्याबद्दल बोलल्या. छप्पन साली, धम्मदीक्षेच्या दिवशी त्या आईबरोबर गेल्या होत्या. जिकडेतिकडे पांढरे कपडे. "सारे म्हणत, सगळं पांढरं पांढरं झालं," त्या म्हणाल्या. "मी पाहून राहिली होती. माह्या मायच्या साडीले नीळ जास्त झाली होती. बाजूच्या बाईची पिवळी पडलेली. कोणाची धुऊन धुऊन राखेसारखी. एकाचं पांढरं दुसऱ्यासारखं नव्हतं, पण सारे खूश होते." मग म्हणाल्या, "मीबी होती."

मालकांना आम्ही सगळे भाऊसाहेब म्हणायचो. लग्नसराईत काम आवरेना, तेव्हा त्यांनी मुंबईच्या एका बंद पडलेल्या लॅबमधून दुसरा पडदा स्वस्तात आणला. तो चालवायलाच मला घेतलं होतं. पडदा बसवायला आलेला इंजिनीयर जाताना म्हणाला, दोन्ही एकदम सारखे केलेत. ताईंनी अर्थातच विचारलं, "कशावरून?"

मशिनीबरोबर एक नमुन्याची निगेटिव्ह यायची. तिच्यावर एका गोऱ्या बाईचा चेहरा होता, शेजारी राखाडी पुठ्ठा. तिचा बरोबर छापलेला फोटो भिंतीला लावलेला असे. आम्ही तिला मेमसाहेब म्हणायचो. रोज सकाळी मेमसाहेबला आधी ताईंच्या पडद्यावर बसवायचं, मग माझ्या, आणि दोन्हीकडे ती भिंतीवरच्यासारखी दिसेपर्यंत बटणं जुळवायची. हे झाल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या कामाला हात लागत नसे.

सकाळी दोन्ही पडदे जुळायचे. दुपार झाली की माझ्या पडद्यावरची मेमसाहेब आजाऱ्यासारखी उतरायची. ताईंच्या पडद्यावर ती ठणठणीत.

एक दिवस जेवून आले तर माझ्या बटणांवर पांढरा दोरा आडवा चिकटवलेला. हात लावला असता तर तुटला असता.

"ताई, हे कायले लावलं?"

"दुपारी कोण फिरवते ते पाहायले."

"मी नाही फिरवत."

"कशावरून?"

दोरा शाबूत असे आणि तरी रंग उतरलेला असे. मग त्यांनी दोऱ्याची जागा बदलली, मी दोरा काढून पुन्हा लावते असं त्यांना वाटलं असावं. मलाही राग होता. हळूहळू माझ्या मनात आलं की ताईच काहीतरी करत असतील. मी जावं म्हणून. त्यांना दुसरा पडदाच नको होता, आणि पडद्याबरोबर आलेली मीही. मग अशी वेळ आली की दोघींपैकी कोणीच दुसरीला खोलीत एकटं सोडेना. पाणी प्यायला उठलो तर दोघी एकदम. डबा समोरासमोर बसून खायचो आणि बोलायचो नाही. घरी नवरा म्हणाला, "सोडून दे ती नोकरी." मी म्हटलं, "सोडली तर मीच फिरवत होते असं ठरेल."

मे महिना होता. एका दुपारी कूलरची मोटर जळली. खोलीत बसवेना. आम्ही ओले रुमाल मानेवर टाकून काम करत होतो. चारच्या सुमाराला ताईंनी सवयीनं मेमसाहेबला माझ्या पडद्यावर बसवलं आणि त्या तशाच उभ्या राहिल्या. तिचा रंग सकाळचाच होता.

दुसऱ्या दिवशी मोटर बदलून आली. ताई स्वतः कूलरच्या बटणाजवळ जाऊन उभ्या राहिल्या. चालू केला की माझ्या पडद्यावरचे गाल उतरायचे, बंद केला की परत यायचे. कूलर आणि माझा पडदा एकाच लाइनवर होते, कूलर सुरू झाला की व्होल्टेज पडायचं. ताईंनी पुन्हा पुन्हा करून पाहिलं. शेवटी भाऊसाहेबांना बोलावलं आणि म्हणाल्या, "वेगळी लाइन टाका."

मला वाटलं, आता माझ्याकडे वळून एक शब्द तरी बोलतील. बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी आले तर त्या माझ्या खुर्चीवर, त्या मुंबईहून आणलेल्या पडद्यापुढे बसल्या होत्या. वर न पाहता म्हणाल्या, "तू तिकडं बस." चांगला पडदा त्यांनी मला दिला होता. तो परत कधी मागितला नाही.

तिथून आमचं जमलं. त्यांनी मला पाहायला शिकवलं. चेहऱ्याकडे आधी पाहू नको, म्हणायच्या, चेहरा आपल्याले फसवते. आधी भिंत पाहा, शर्टाची कॉलर पाहा, दात पाहा. मग चेहरा. संशय मात्र गेला नाही. फक्त आता संशयात मी त्यांच्या बाजूला होते.

पुढच्या हिवाळ्यात तक्रारी यायला लागल्या. एक स्टुडिओवाला म्हणाला, माणसं गारठल्यासारखी दिसतात. दुसरा म्हणाला, हळदीच्या फोटोत हळदच नाही. ज्या फोटोंबद्दल तक्रार असे ते सगळे ताईंच्या हातचे असत. ताईंनी आधी केमिकलवर संशय घेतला, ते बदललं. मग कागदावर. मग नळाच्या पाण्यावर. मग स्टुडिओवाल्यांच्या फ्लॅशवर. मी एकदा म्हटलं, "ताई, मला हा प्रिंट निळसर वाटतो." त्यांनी तो खिडकीशी नेला, खूप वेळ पाहिला. "कशावरून?" म्हणाल्या. डोळ्याला दिसलेलं कशावरून म्हणून सांगायचं?

मग किसनराव बोंडे आले. काटोलचे संत्र्यांचे बागाईतदार, पन्नाशीचे, धुवट पांढरा सदरा, हातात पाकीट. काउंटरवर उभं राहून त्यांनी फोटो काढला आणि कोणालाच उद्देशून नाही असं विचारलं, "माही पोरगी अशी आहे काय?"

पिवळी साडी नेसलेली मुलगी संत्र्याच्या झाडाशी उभी. साडी फिकी. चेहरा राखेसारखा. ओठ निळे.

फोटो सावनेरच्या एका घरी दाखवायला गेला होता. मुलाकडच्यांनी मध्यस्थाबरोबर तो परत पाठवला आणि विचारलं, पोरीच्या काळजाले भोक तर नाही नं? गावात ते पसरलं. किसनरावांच्या मंदाला काही आहे, लपवून राहिले. दोन जणी तर येऊन तिची नखं पाहून गेल्या.

भाऊसाहेबांनी किसनरावांकडे असं पाहिलं, जणू हा माणूस फुकटात दुसरे फोटो काढून घ्यायला आलाय. ताई आतून आल्या. त्यांनी फोटो दारातल्या उन्हात नेला.

"फोटोत काही नाही," त्या म्हणाल्या. "रंग बरोबर आहे." आणि किसनरावांकडे वळून विचारलं, "पोरीले डॉक्टरले दाखवलं काय?"

मी आजवर कोणाचा चेहरा तसा पडलेला पाहिला नाही. त्या माणसानं गावभर जे नाकारलं होतं, तेच इथं येऊन ऐकलं. पण तो भांडला नाही. म्हणाला, "बाई, तुम्ही या. तुमच्या डोळ्यानं पाहा. मग सांगा."

"येते," ताई म्हणाल्या. मग मला, "तूबी चल. निळं दिसते म्हणत होती नं? तिथं पाहू."

रविवारी आम्ही बसनं काटोलला गेलो. किसनरावांचं घर गावाबाहेर, बागेला लागूनच. फळांची तोड सुरू होती, अंगणात संत्र्यांचे ढीग पडलेले. मंदाच्या आईनं चहा आणला. ताईंनी कप घेतला आणि चहा पिऊन झाल्यावर, बोलता बोलता, तो कप कुठं विसळला जातो ते त्या पाहत राहिल्या. घरातल्याच भांड्यांत गेला. तेव्हा त्यांच्या खांद्यांतला ताठा थोडा सैल झाला. हे बाकी कोणाच्या लक्षात आलं नसावं.

मंदा बाहेर आली. वीसेक वर्षांची, गव्हाळ, गोलसर. तिला ओशाळल्यासारखं झालं असणार, पण ती सरळ उन्हात येऊन उभी राहिली. ताईंनी फोटो तिच्या गालाशी धरला. फोटोकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, परत फोटोकडे.

"जुळते," त्या म्हणाल्या.

किसनरावांनी बायकोकडे पाहिलं. अशा उन्हात, शेजारी शेजारी धरलेल्या दोन गोष्टी. एक मुलगी तांबूस, घाम आलेली. आणि एक फोटो, पाण्यातून काढल्यासारखा. हे जुळतं असं कोणी कसं म्हणू शकतं?

मंदाच बोलली. "बाई, माहे ओठ असे आहेत?"

ताईंनी मला विचारलं, "तू सांग."

"फोटो निळा आहे ताई. मुलगी छान आहे."

त्यांनी मंदाच्या आईला विचारलं. मग ढिगाजवळ बसून संत्री निवडणाऱ्या एका मजुरीण बाईला हाक मारली, तिला फोटो दाखवला. ती म्हणाली, "हे तं मेल्यासारखी दिसते वं बाई." आणि जीभ चावली.

ताईंनी उजव्या डोळ्यावर तळवा ठेवला. मग डाव्यावर. ढिगातलं एक संत्रं उचलून समोर धरलं आणि पुन्हा तसंच केलं. एकदा हा डोळा, एकदा तो. सगळे त्यांच्याकडे पाहत होते आणि कोणाला काही कळत नव्हतं. मला कळायला लागलं होतं.

"यानं वेगळं दिसते," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "त्यानं वेगळं." मग खाली ओट्यावर बसल्या.

मोतीबिंदू होता. दोन्ही डोळ्यांत, उजव्यात जास्त. नंतर डॉक्टरनं समजावून सांगितलं, की डोळ्यातलं भिंग हळूहळू पिवळं पडतं, निळा त्यातून दिसेनासा होतो, आणि माणसाला ते कळत नाही. जग पिवळं दिसतं म्हणून ताई प्रत्येक चेहऱ्यातला पिवळा काढत गेल्या होत्या. पण त्या दिवशी काटोलच्या अंगणात एवढं कोणाला माहीत नव्हतं. मंदानं त्यांना पाणी आणून दिलं आणि त्यांच्या शेजारी बसली. ज्या बाईमुळे तिचं नाव गावभर झालं होतं, तिच्या शेजारी.

परतीच्या बसमध्ये ताई खिडकीशी बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "कागदाले विचारलं, पाण्याले विचारलं, तुले विचारलं. यायले नाही विचारलं." आणि दोन बोटं पापण्यांवर ठेवली.

सोमवारी त्या भाऊसाहेबांच्या टेबलापुढे उभ्या राहिल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "बोंड्यायच्या पोरीचा फोटो माह्या डोळ्यानं बिघडला. मशीन बरोबर आहे, कागद बरोबर आहे."

भाऊसाहेब घाबरले. "गजभियेबाई, हे बाहेर बोलू नका. लॅबचं नाव जाईल. आपण नवीन प्रिंट देऊन टाकू, विषय संपला."

"पोरीचं नाव गेलं नं," ताई म्हणाल्या. "ते कोण आणून देईन?"

मंदाची निगेटिव्ह त्यांनी पुन्हा काढली. माझ्या पडद्यापुढे बसल्या, मी मागे उभी राहिले. "तू सांग, मी फिरवते." मी म्हटलं, पिवळा थोडा वाढवा. त्यांचा हात बटणावर गेला आणि थांबला. त्यांना समोर काय दिसत होतं ते मला कळायला मार्ग नव्हता. बहुतेक एक पिवळीजर्द, चुकीची मुलगी. "अजून?" "अजून थोडा." त्यांनी फिरवलं. प्रिंट ओला असतानाच मी ओरडून म्हटलं, हीच, हीच मंदा. ताईंनी तो पाहिला नाही. कागदात गुंडाळून पिशवीत ठेवला.

सावनेरला त्या किसनरावांबरोबर स्वतः गेल्या. मी नव्हते, किसनरावांनी नंतर सांगितलं. मुलाच्या बापापुढे बसून ताई म्हणाल्या, "खोट माह्या डोळ्यात आहे, पोरीत नाही. मी ऑपरेशनले जाऊन राहिली. पाहिजे तं दवाखान्यात येऊन पाहा." मुलाचा बाप आधी विश्वास ठेवेना. मुलीकडच्यांनी ही बाई शिकवून आणली असेल, असं त्याला वाटलं. तो उलटसुलट विचारत राहिला आणि ताई न रागावता प्रत्येक प्रश्नाला उत्तर देत राहिल्या. संशय घेणाऱ्या माणसाशी कसं वागावं, हे त्यांच्याइतकं कोणाला कळणार? शेवटी तो म्हणाला, बोलणी पुढं न्यायला हरकत नाही.

हरकत मंदानं घेतली. बापाला म्हणाली, "फोटो पाहून ज्यायनं माह्या काळजाले भोक पाडलं, त्या घरी मले जायचं नाही. उद्या खरंच आजारी पडली तं काय करतीन?" किसनराव चिडले, आठवडाभर बोलले नाहीत. मग त्यांनाही पटलं असावं. वर्षभरानं नरखेडच्या एका शाळामास्तराशी तिचं लग्न झालं. त्या मास्तरानं फोटो मागितलाच नाही, घरी येऊन मुलगी पाहिली. लग्नाचे फोटो आमच्याकडेच आले आणि ते माझ्या पडद्यावरून गेले. हळदीत हळद होती.

ताईंचं एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. जाड भिंगाचा चष्मा आला. त्या लॅबमध्ये एकदा येऊन गेल्या. भाऊसाहेबांनी काउंटरवर बसा म्हटलं. नको म्हणाल्या. आपल्या खुर्चीवर जराशा बसल्या, पडद्यावर मेमसाहेब होती, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आता हे मले निळी दिसते. सारंच निळं झालं. पांढरं तं असं दिसते का जसं आत्ताच धुतलं." त्यांना दुःख झालंय की मौज वाटतेय, मला ठरवता आलं नाही. बसताना घातलेला राखाडी कोट त्यांनी परत खुंटीवर ठेवला आणि निघाल्या. नंतर भावाचा निरोप आला, की ताई आता नोकरी करणार नाहीत.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते सक्करदऱ्यातच, लोकरीच्या एका दुकानात. डिसेंबर होता. मी अरुंद रस्त्याच्या पलीकडे, दुकानातलं बोलणं ऐकू येईल इतक्या जवळ, रिक्षाची वाट पाहत होते. दुकानाची पुढची बाजू सगळी उघडी, आत ट्यूबलाइट. ताई काउंटरशी उभ्या होत्या, भिंगाचा चष्मा, अंगावर शाल. समोर लोकरीच्या लड्यांचा ढीग. भावाच्या नातवाला स्वेटर विणत असाव्यात, कारण त्यांच्या हातात अर्धवट विणलेली एक बाही होती. ती त्यांनी दुकानातल्या मुलीपुढे धरली. मुलगी नवीन असावी, शाळकरी वाटत होती. तिनं बाही पाहिली, ढिगातून दोन लड्या काढल्या, एक परत ठेवली आणि दुसरी ताईंच्या हातात दिली.

आता त्या लडी घेऊन दुकानाबाहेर येतील, उन्हात धरतील, मग मला पाहतील, असं मला वाटलं. मी हाक मारायला हातही वर केला होता.

ताईंनी लडी बाहीत गुंडाळली, पिशवीत टाकली आणि त्या मुलीला तिचं नाव विचारलं.